ऐकू न येणाऱ्या भावाला मोबाइलच्या थरथरीतून निरोप देता येईल का?

देता येईल. फक्त निरोप थरथरीच्या ठेक्यावर बांधा, तिच्या कमी-जास्त वेगावर नको. भावाला जन्मापासून ऐकू येत नाही, आता नजरही उतरतेय, आणि 'जेवायला ये', 'कुणी आलंय' एवढं तरी त्याला फोनवरून कळावं, असं तुम्ही लिहिलंय.

माझ्या थोरल्या चुलत्यांनाही ऐकू येत नाही. अंबाजोगाईकडं आमचं शेत आहे. रात्रीची लाईट आली की ते बोअरच्या पाइपावर तळहात ठेवून उभे राहतात. पाणी भरून चाललंय की गुळण्या येताहेत, हे आमच्या आधी त्यांना कळतं. थरथर तुटायला लागली की मोटार बंद!

तळहाताच्या कातडीत वरच्या थराला माइस्नरची ग्राहकं, म्हणजे स्पर्श टिपणारी बारीक टोकं असतात, ती सेकंदाला साधारण ५ ते ५० कंपांची हलकी फडफड टिपतात. खोलवर पॅसिनीची असतात, कांद्यासारखी पापुद्र्यांची. सेकंदाला २०० ते ३०० कंप असले की ती सगळ्यात तीक्ष्ण, आणि फोनची थरथरही बहुधा याच्याच आसपास असते. ते पापुद्रे स्थिर दाब गाळून टाकतात, बदल तेवढा मज्जातंतूकडे जातो. सलग थरथर चालू ठेवली तर काही वेळानं जाणीव बोथट होते, म्हणून मधे खंड हवाच.

२०० आणि २२० कंपांतला फरक कानाला सहज कळतो, कातडीला फार अवघड जातो. पण दोन ठोक्यांमधली अगदी बारीक फटसुद्धा ती ओळखते. फ्रँक गेल्डार्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५७ साली मांडलेली स्पर्शलिपी याच बळावर उभी होती: छातीवर ५ जागा, जोराच्या ३ पायऱ्या, कालावधीच्या ३, म्हणजे ४५ खुणा. कंपांचा वेग मात्र सगळीकडे एकच. ही लिपी शिकलेली माणसं त्यातून वाक्यं वाचत.

तुम्ही तीनच खुणांनी सुरुवात करा: एक लांब, दोन आखूड, आखूड-लांब. एकाच मनगटावर दोन थरथरणारी यंत्रं शेजारी-शेजारी बांधू नका, कंप कातडीतून पसरतो आणि जागा एकमेकींत मिसळतात. डावं-उजवं मनगट चालेल.

आणि कळकळीनं सांगते, पहिले काही आठवडे फोन बाजूला ठेवा. ताट वाढलं की लगेच त्याच्या मनगटावर तुमच्या बोटांनी तोच ठेका द्या, रोज, न चुकता. आम्ही चुलत्यांना दोन ठोके देऊन 'चला' म्हणायचो. आता घाई असली की तेच आमचं मनगट धरून दोन ठोके देतात.