ट्रॅक बाईकला क्रँक कुठला घेऊ?

प्रश्न: दादा, जुनी स्टीलची ट्रॅक सायकलची फ्रेम मिळालीये, पहाटे मरीन ड्राइव्हला चालवायची आहे. क्रँकसेट (पेडलचे दांडे आणि पुढचं दातेरी चाक) आणि बॉटम ब्रॅकेट (दांडे ज्यावर फिरतात तो बेअरिंगचा भाग) कुठलं घेऊ? बजेट बेताचं आहे.
– एक वाचक, मुलुंड

उत्तर: आधी क्रँकच्या मागे लागू नकोस, फ्रेमचा बीबी शेल, म्हणजे बॉटम ब्रॅकेट (बीबी) बसतो ती नळी, रुंदीला मोज. व्हर्नियरवर ६८ मिमी आलं तर बहुतेक इंग्लिश थ्रेड, ७० आलं तर इटालियन. इंग्लिशमध्ये उजवा कप (बीबी शेलमध्ये पिळून बसवायची वाटी) उलट्या आट्यांचा असतो, माझ्या एका फ्रेमचे आटे मेकॅनिकने सुलट समजून जोर लावून खाल्ले, तेव्हा समोर उभा राहा.

क्रँक १६५ मिमीचाच घे, ट्रॅक बाईक फिक्स्ड गिअरची, चाक फिरतंय तोवर पेडल वळणावर पण फिरतच राहतं आणि लांब क्रँक असला की खाली घासतं. बजेट बेताचं म्हणतोस तर स्क्वेअर टेपर (टोकाकडे निमुळता होणारा चौकोनी स्पिंडल, म्हणजे बीबीचा आस) घे, पण एक गोची आहे, जेआयएस (जपानी) आणि आयएसओ (आंतरराष्ट्रीय) या मापांचे दोन टेपर दिसायला सारखेच, कोन पण तोच, फक्त आयएसओ स्पिंडलचं टोक जरा बारीक, म्हणून आयएसओ क्रँक जेआयएस स्पिंडलवर पूर्ण आत बसत नाही आणि चेनलाइन (फ्रेमच्या मधल्या रेषेपासून चेनचं अंतर) बाहेर जाते. सुगिनो ७५ हा क्रँक आयएसओ आहे बरं का. स्पिंडलची लांबी क्रँकवाल्याने सांगितलेलीच घे, अंदाजे नाही. चेनलाइन साधारण ४२ मिमी, पण शेवटी मागच्या कॉगशी (मागच्या चाकावरच्या दातेरी चकतीशी) जुळली पाहिजे.

आणि बीबी सील्ड कार्ट्रिजच, म्हणजे बेअरिंग बंद डबीत असलेला! खारा वारा, वर आपला पावसाळा, उघड्या बॉलचं ग्रीस किती वेळा बदलणार? कपच्या आट्यांना मात्र ग्रीस लाव.