व्होलाटाइल लावलं, तरी वॉर्निंग जाईना

प्रश्न : नमस्कार सर, मी सोलापूरचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मामांचा अक्कलकोट रोडला चादरीचा कारखाना आहे, त्यांच्यासाठी जकार्ड डिझाइनच्या पीएनजी फायली वाचणारा प्रोग्राम सीमध्ये केलाय, लिबपीएनजी (पीएनजी वाचायची तयार लायब्ररी) वापरून. 'ओळी' नावाचा पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता) आधी नल म्हणजे रिकामा, मग सेटजंप (चूक झाली की परत यायची जागा नोंदवणं), मग मॅलॉकने मेमरी घेणं, आणि फाइल खराब निघाली की लिबपीएनजी लाँगजंपने त्या जागी परत उडी मारतं, तिथे एररच्या भागात फ्री म्हणजे मेमरी परत देणं. ओ-झिरोला (ऑप्टिमायझेशन बंद) सगळं नीट, पण ओ-टू (कोड वेगवान करणारं ऑप्टिमायझेशन) लावलं की जीसीसी कंपायलर म्हणतो 'ओळी' हे लाँगजंप किंवा व्हीफोर्कमुळे बिघडू शकतं, आणि खराब फायली जास्त असल्या की मेमरी वाढतच जाते. मित्र म्हणाला व्होलाटाइल (किंमत दर वेळी मेमरीतूनच वाच-लिही असं कंपायलरला सांगणारा शब्द) लाव, लावलं, तरी वॉर्निंग तशीच. बंद करून टाकू का?

उत्तर : नको रे बाबा, तुझ्या कोडमध्ये ती खरी आहे. बघ, सेटजंप रजिस्टरमधल्या (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या जागांमधल्या) काही किमती जपून ठेवतो आणि लाँगजंप झाला की त्या जुन्याच परत येतात, स्टॅकवरची (फंक्शनची लोकल व्हेरिएबलं जिथे असतात ती) मेमरी मात्र आहे तशीच राहते. मागावरचा माणूस किती फूट विणलं ते वहीत लिहितो की नुसतं डोक्यात ठेवतो, तेवढाच फरक. ओ-झिरोला व्हेरिएबल वहीत म्हणजे मेमरीत असतं, ओ-टूला कंपायलर ते रजिस्टरमध्ये ठेवू शकतो, मग उडी मारून परत आलास की 'ओळी' पुन्हा नल, आणि फ्रीला नल दिलं तर तो काहीच करत नाही, क्रॅशसुद्धा नाही! म्हणून मेमरी गुपचूप गळते. सी भाषेचं स्टँडर्डही हेच सांगतं : सेटजंप असलेल्या फंक्शनमधलं साधं लोकल व्हेरिएबल मधल्या काळात बदललं, तर लाँगजंपनंतर त्याची किंमत काय असेल याचा भरवसा नाही.

आता व्होलाटाइलचं. मला वाटतं तू ते स्टारच्या आधी लावलंयस, तसं केलं की पॉइंटर जिकडे बोट दाखवतो ती वस्तू व्होलाटाइल होते, पॉइंटर नाही. लिहायचं असं : पीएनजी_बाइटपी * व्होलाटाइल ओळी. ही चूक भल्याभल्यांची होते, मीही केलीय.

मी असतो तर मात्र सेटजंपचं फंक्शनच वेगळं काढलं असतं, पॉइंटर बाहेरच्या फंक्शनमधल्या स्ट्रक्टमध्ये (व्हेरिएबलांच्या गठ्ठ्यात) ठेवायचा, आतल्याला त्या स्ट्रक्टचा पत्ता द्यायचा, आणि फ्री बाहेर आल्यावर. आतल्या फंक्शनचं ते लोकलच नाही, मग व्होलाटाइलची भानगडच राहत नाही.

कधीकधी ही वॉर्निंग उगाचही येते हं, कारण लाँगजंप नेमका कुठून होणार ते कंपायलरला दिसत नाही, तो फक्त सेटजंप बघून अंदाज बांधतो. जीसीसीच्या डब्ल्यू-एक्स्ट्रा या जादा वॉर्निंगच्या पर्यायात ती असते. पण बदल केल्यावर एक पीएनजी मुद्दाम अर्धी कापून तीच हजार वेळा लूपमध्ये वाचायला लाव, व्हॅलग्राइंड या मेमरीची गळती शोधणाऱ्या टूलखाली, आणि बिल्ड ओ-टूचाच घे, ओ-झिरोवर तपासलंस तर परत सगळं छानच दिसेल.