दातांच्या तारा काढल्यावर रिटेनर किती दिवस घालावा लागतो? तो नीट कसा सांभाळायचा?

तुमच्या तारा पुढच्या महिन्यात निघणार, लगेच कॉलेजसाठी होस्टेलला जायचंय, आणि रिटेनर (तारा निघाल्यावर दात जागेवर राहावेत म्हणून घालायचा साचा किंवा प्लेट) कुणी सहा महिने सांगतं तर कुणी जन्मभर, म्हणून गोंधळ झालाय, असं तुम्ही लिहिलंय. मी ऑर्थोडाँटिस्टच्या (दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांच्या) क्लिनिकमध्ये असिस्टंट आहे. रिटेनर पेशंटच्या हातात देऊन घालायला-काढायला शिकवणं हे माझंच काम. त्यामुळे सरळ सांगते: दात जितकी वर्षं सरळ हवेत, तितकी वर्षं रिटेनर. पुढेपुढे फक्त रात्री, पण घालायचाच.

तारांनी दात सरकतो तेव्हा मुळाभोवतीचं हाड एका बाजूने झिजतं आणि दुसऱ्या बाजूने नवं भरतं. तारा निघतात त्या दिवशी हे नवं हाड अजून कच्चंच असतं. हिरडीतले तंतू तर ताणलेले असतात आणि दाताला जुन्या जागी ओढत राहतात. ते रुळायला वर्षभरही लागू शकतं. फिरलेला दात सरळ केला असेल तर तो सगळ्यात आधी परत फिरू बघतो. म्हणून बरेच डॉक्टर पहिले काही महिने जेवण आणि ब्रश सोडून पूर्ण वेळ घालायला सांगतात आणि मग रात्रीवर आणतात. तुमचे तास तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, मैत्रिणीचे तास तुम्हाला चालतीलच असं नाही. आणि वर्ष झालं की सुटलो असंही नाही. खालचे पुढचे दात वयाबरोबर गर्दी करतात, ज्यांनी कधीच तारा लावल्या नाहीत त्यांचेसुद्धा.

आता होस्टेल. आमच्याकडे रिटेनर तुटल्याच्या तक्रारी कमी आणि हरवल्याच्या जास्त येतात, आणि बहुतेक वेळा गोष्ट तीच असते. जेवायला बसताना काढला, टिश्यूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवला, उठताना टिश्यू ताटात आणि ताट उष्ट्याच्या बादलीवर पालथं. आमटी-भातात पारदर्शक प्लास्टिक शोधून बघा एकदा! तेव्हा तो तोंडात नाहीतर डबीत, तिसरी जागा नाही. डबी भडक रंगाची घ्या, वर नाव आणि फोन नंबर चिकटवा.

दुसरा शत्रू गरम पाणी. पारदर्शक रिटेनर प्लास्टिकची पातळ शीट तापवून, मऊ करून, तुमच्या दातांच्या मॉडेलवर दाबून बनवतात. गीझरचं कढत पाणी लागलं की तेच प्लास्टिक पुन्हा आकार सोडतं. हातात धरून काही कळत नाही. घातल्यावर पुढे बरोबर बसतो, मागे दाढेवर मात्र उचललेला राहतो. बोटाने दाबला की खाली, सोडला की वर. तो पुन्हा पूर्वीसारखा होत नाही, नवाच करावा लागतो. उन्हात उभ्या गाडीतही ठेवू नका. रिटेनर घालून चहा तर नकोच: उष्णता आहे, डाग आहेत आणि साखर दाताला चिकटून राहते ते वेगळंच. तोंडात असताना फक्त साधं पाणी.

धुवायचा तो काढल्या काढल्या, लाळ वाळायच्या आत. वाळली की पांढरा थर धरतो आणि मग वास येतो. गार पाणी, मऊ ब्रश, हात धुवायचा सौम्य साबण, एवढं पुरतं. टूथपेस्टने पारदर्शक रिटेनरवर बारीक चरे पडतात. बसवताना बोटांनी दाबायचा, दातांनी चावून बसवायचा नाही. तडे जातात ते तिथूनच. काढताना दोन्हीकडच्या दाढांपासून सोडवायचा. तारेची प्लेट (पुढे तार असलेला रिटेनर) असेल तर पुढची तार धरून ओढू नका, वाकते.

काहींना खालच्या पुढच्या दातांच्या मागे बारीक तार चिकटवतात. ती हरवायची भीती नाही, म्हणून होस्टेलवाल्यांना मला बरी वाटते. पण तिथे टार्टर (दातावरचा कडक थर) फार पटकन जमतो, कारण जिभेखालून लाळ नेमकी तिथेच येते. तारेखालून सुपरफ्लॉस (ताठ टोकाचा, दात साफ करायचा दोरा) किंवा छोटा इंटरडेंटल ब्रश फिरवावा लागतो आणि वेळच्या वेळी स्केलिंग, म्हणजे डॉक्टरांकडून दात साफ करून घेणं. अधूनमधून जिभेने चाचपून बघा. एका दातावरचा तार चिकटवणारा ठिपका सुटला तर दुखत काहीच नाही, फक्त तो एकटा दात गुपचूप सरकायला लागतो.

तारा निघेपर्यंतच्या महिन्याबद्दलही विचारलंय. ब्रॅकेटच्या (दातावर चिकटवलेल्या, तार धरणाऱ्या तुकड्याच्या) वर आणि खाली ब्रश तिरका धरून घासा, हिरडीच्या बाजूला जास्त. तिथे प्लाक (जंतूंचा चिकट थर) साचून राहिला तर ब्रॅकेट निघाल्यावर मधे चांगला दात आणि भोवती खडूसारखी पांढरी कड दिसते. ती घासून जात नाही. हळदीने ब्रॅकेटवरची रबरं पिवळी होतात त्याचं टेन्शन नको, रबर बदललं की गेलं. चिक्की, फुटाणे, ऊस, पेरू दाताने तोडणं मात्र आता शेवटी शेवटी टाळाच. एक ब्रॅकेट निघालं तरी तारीख पुढे जाऊ शकते. वायर टोचली तर कोरडी करून मेण लावा, स्वतः कापत बसू नका.

जाण्याआधी डॉक्टरांना दोन सेट मागा. एक वापरा, एक घरी राहू दे. प्लास्टरचं मॉडेल दिलं तर तेही आईकडे ठेवा. हरवल्याचं लगेच कळवलंत तर त्यावरून दुसरा बनवता येतो. चार-पाच रात्री राहून गेला आणि परत घालताना आवळतोय पण पूर्ण बसतोय, तर घाला, आणि दोन-चार दिवस जास्त तास घाला. बसतच नसेल तर जोर करू नका, त्याच दिवशी क्लिनिकला फोन करा. आम्ही रागावत नाही, फारतर थोडं बोलतो.