वाचकांचे प्रश्न : बोल अडतो, अभंग येतो

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी सासऱ्यांना (वय 68) अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात-पाय कमजोर आहे. आमचं बोलणं त्यांना समजतं, पण साधं पाणी मागायलाही शब्द फुटत नाही. हरिपाठ सुरू केला की मात्र बरोबरीने म्हणतात, तेही स्पष्ट. गाण्यातून बोलणं परत येईल का?

उत्तर : सासऱ्यांची जीभ ठीक आहे आणि ते हट्टही करत नाहीत, हे आधी घरातल्या सगळ्यांना सांगा. बहुतेकांच्या मेंदूत वाक्य जुळवण्याचं काम डावी बाजू करते, आणि शरीराचा उजवा भागही तीच चालवते. म्हणून ही दोन्ही दुखणी बरेचदा जोडीने येतात. चालीवर पाठ झालेल्या शब्दांना उजव्या बाजूचा आधार मिळतो, म्हणून ते शाबूत राहतात. एक ते दहा आकडे, वारांची नावं, कधी शिव्याही अशाच सलग येतात.

बरीच घरं इथेच फसतात. दिवसभर अभंग म्हणवून घेतात, पण तहान लागली की माणूस पुन्हा मुका. पाठ असलेला अभंग आपोआप बोलणं होत नाही. चाल द्यायची ती गरजेच्या वाक्याला. 1973 मध्ये बॉस्टनच्या अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी मांडलेली मेलोडिक इंटोनेशन थेरपी याच तत्त्वावर चालते.

सूर दोनच : सा आणि त्याहून थोडा वरचा कोमल ग. सा त्यांच्या नेहमीच्या बोलण्याच्या पट्टीत धरा. ‘पाणी हवं’ यात बोलताना जिथे जोर येतो ते अक्षर ग वर, बाकीची सा वर. एका अक्षराला साधारण एक सेकंद. समोर बसून त्यांचा डावा हात हातात घ्या आणि दर अक्षराला टेबलावर एक ठोका द्या. हा ठोका गाळू नका, लय हातातूनच पोचते.

आधी तुम्ही चाल नुसती गुणगुणा, त्यांनी ऐकायचं. मग दोघांनी मिळून म्हणा. पुढच्या फेरीत अर्ध्यावर तुम्ही थांबा, त्यांना पुरं करू द्या. मग तुम्ही म्हटल्यावर त्यांनी एकट्याने म्हणायचं, आणि शेवटी ‘काय हवं?’ विचारायचं. अडले तर रागावू नका, शब्द तोंडात घालू नका. एक पायरी मागे या. तज्ज्ञांकडे हा सराव बहुधा रोज दीड तास, आठवड्यातून पाच दिवस घेतात. घरी पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा पुरे. थकलेला माणूस चुकाच गिरवतो.

वाक्य पक्कं झालं की चाल हळूहळू सपाट करत साध्या बोलण्यावर आणा. हे राहून गेलं तर ते आयुष्यभर गाऊनच पाणी मागतील.

ही पद्धत समज शाबूत असलेल्यांसाठी आहे. भराभर पण अर्थहीन बोलणाऱ्यांना तिचा फारसा उपयोग नाही. सुरुवात स्पीच थेरपिस्टच्या देखरेखीखालीच करा. पाणी पिताना ठसका लागत असेल तर तेही त्यांना लगेच सांगा.

प्रश्न : मग त्यांच्या खोलीत दिवसभर भजनं लावून ठेवू का?

उत्तर : नको. मागे आवाज चालू असला की दोन शब्द जुळवणं आणखी अवघड होतं. सरावाच्या वेळी टीव्हीही बंद हवा. ऐकण्याचा फायदा मात्र खरा आहे. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या हेलसिंकीच्या अभ्यासात रुग्णांनी झटक्यानंतर दोन महिने रोज तासभर आवडीचं संगीत ऐकलं. त्यांची शब्दांची स्मृती आणि एकाग्रता इतरांपेक्षा अधिक सुधारली, उदासीही कमी राहिली. भजनच हवं असं नाही. नाट्यगीत, लावणी, जे त्यांना आवडतं ते. दोन-तीन पर्याय समोर ठेवा आणि डाव्या हाताने त्यांनाच बोट दाखवू द्या.