बॉल उठत नाही, हे कोर्ट सांगत होतं

पोरी,

परवा रात्रीचा तुझा मेसेज सकाळी चहा घेताना वाचला. ‘सर, इंग्लंडमधल्या या गवताच्या टेनिस कोर्टवर बॉल उठतच नाही. ग्रास माझं नाही. पुढचे दोन आठवडे सोडून सरळ हार्ड कोर्टच्या तयारीला लागू का?’ पहिल्याच फेरीत हरलीस, त्याचं मला काही वाटलं नाही. पण एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये तू कोर्ट बघायला कधी गेली होतीस, याबद्दल एक अक्षर नाही. ते मात्र लागलं.

बॉल उठत नाही, हे कोर्ट तुला पहिल्या गेमपासून सांगत होतं. तू ते अंपायरला सांगत बसलीस.

आधी जमीन, मग समोरची पोरगी. बालेवाडीला पहिल्या दिवशी तुम्हा सगळ्यांना रॅकेटशिवाय तासभर कोर्टवर चालायला लावलं होतं, आठवतं? तुझे बाबा म्हणाले, ‘फी काय चालण्याची भरतो का आम्ही?’ दोन मुलं तर सोडूनच गेली. सिमेंटवर बघायचं काय, असं लोकांना वाटतं आणि ते अगदीच खोटं नाही. पण ती सवय मी आजच्या दिवसासाठी लावत होतो. मी तेव्हाही चुकलो नव्हतो.

विम्बल्डनचंच घे. गवत कापतात 8 मिलिमीटरवर. 2001 पासून तिथे शंभर टक्के राय गवत आहे, त्याआधी फेस्क्यू नावाचं दुसरं गवत तीस टक्के मिसळलेलं असायचं. राय चिवट, खालची माती घट्ट, त्यामुळे बॉल पूर्वीपेक्षा बरा उठतो. जुने फोटो काढून बघ, सर्व्हिस करून नेटकडे धावणाऱ्यांच्या पायांनी मधलं गवत उडालेलं दिसेल. आता तिथे हिरवंगार असतं आणि बेसलाइन, म्हणजे मागची रेषा, उघडी पडते. 2002 च्या फायनलला ह्यूइट आणि नालबंदियन दोघेही मागेच ठाण मांडून होते. रॅकेट आणि स्ट्रिंगा बदलल्या, त्यांचाही यात हात आहे, कबूल. पण पायाखाली काय बदललं ते आधी बघ.

एकाच स्पर्धेतही कोर्ट एक राहत नाही. सुरुवातीला पातं रसरशीत असतं, बूट पडला की चिरडतं आणि पाय सटकतो. 2021 ला दुसऱ्याच दिवशी, छप्पर बंद असताना, सेंटर कोर्टवर मानारिनो घसरला आणि थोड्या वेळाने सेरेना. दोघांनाही मॅच सोडावी लागली. छप्पर लावलं की दमटपणा आतच राहतो. दुसऱ्या आठवड्यात बेसलाइनची माती होते, पाय धरतो, उसळीही वाढते. पण कडेचं गवत तेव्हाही हिरवंच असतं. म्हणजे एका फोरहँडला तुझा एक पाय मातीवर आणि पुढचा ओल्या गवतावर. तिथे तू हार्ड कोर्टसारखी घसरत जातेस! व्हिडिओ पाहिला मी. डोक्याला हात लावला.

आता माझं ऐक. 1985 च्या हिवाळ्यात मी कोलकात्याला गवतावर खेळायला गेलो होतो. सकाळचं दव. तिथल्या म्हाताऱ्या माळ्याने गवतावरून तळवा फिरवला, ओला हात माझ्यासमोर धरला आणि लांबच्या टोकाकडे बोट दाखवून म्हणाला, ‘ओदिकटा भिजे.’ म्हणजे ती बाजू ओली आहे. मी हसलो. पायात सपाट तळाचे बूट होते. समोर चाळिशीचा, पोट सुटलेला गृहस्थ, दिवसभर फक्त स्लाइस, म्हणजे बॉल खालून कापत मारायचा फटका, मारणारा. 6-2, 6-1. पाय मुरगळला म्हणून हरलो, असं इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलो. तुलाही सांगितलंय. पाय मुरगळला तेव्हा दुसऱ्या सेटमध्ये मी 4-1 ने मागे होतो.

त्याच स्लाइसला तू ‘म्हाताऱ्यांचा शॉट’ म्हणतेस. आपल्या रमेश कृष्णनच्या सर्व्हिसला कुणी घाबरत नव्हतं, तरी 1986 ला तो विम्बल्डनच्या क्वार्टर फायनलला होता. त्याचा बॉल घोट्याशी राहायचा. मोठे मोठे लोक त्यापुढे वाकत राहायचे. तुझ्या बॅकहँडला तो स्लाइस आहे, मीच घोटवून घेतलाय. काढ बाहेर. टॉपस्पिनसाठी, म्हणजे बॉल वरच्या बाजूने पुढे फिरवायला, रॅकेट एवढी मागे नेऊ नकोस, तेवढा वेळच नाही तिथे. पावलं बारीक टाक, गुडघे वाकव.

हार्ड कोर्टची तयारी जुलैत करू. दोन आठवडे तिथेच राहायचं, यावर चर्चा नाही. उद्या प्रॅक्टिसच्या तासभर आधी जा, रॅकेट बॅगेतच राहू दे. कोर्ट ज्याच्या ताब्यात आहे त्या माणसाला गाठ, ओल कुठे राहते ते विचार, तो सांगेल ते हसण्यावारी नेऊ नकोस. वाकून दोन्ही टोकांना हात लाव. आणि आज रात्री बूट बघ. तळाच्या रबरी दाण्यांमध्ये परवाची माती वाळून बसली असेल. जुन्या टूथब्रशने काढ आणि मला फोटो पाठव.

तुझा,
सर