21व्या मजल्यावरून जहाज अख्खं दिसतं, जेट्टीवरून अर्धंच का?

प्रश्न : काका, आम्ही वरळी कोळीवाड्यातले, माझे बाबा तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे कप्तान आहेत. मागच्या वर्षी जवळच्याच टॉवरमध्ये 21व्या मजल्यावर राहायला गेलो. लांबून जाणारं मोठं जहाज मला गॅलरीतून अख्खं दिसतं, आणि त्याच वेळी आजी खाली जेट्टीवर असते तिला फोन केला तर म्हणते नुसतं वरचं टोक दिसतंय. आजोबा पण पोराला डोलकाठीवर चढवायचे म्हणे. हा फरक नेमका किती, आणि आता जीपीएस आहे तर बाबांना याचा काही उपयोग आहे का?

उत्तर : पोरी, आजीला दिसतं तेही बरोबर आणि तुला दिसतं तेही. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे पाणी लांब जाता जाता खाली वळत जातं आणि आपली नजर त्याला जिथे घासून जाते तेच क्षितिज. तुझा डोळा जितका वर तितकं ते लांब, पण सरळ हिशोबात नाही, वर्गमुळाच्या हिशोबात. पाण्यापासून डोळ्याची उंची मीटरमध्ये घे, वर्गमूळ काढ, 3.85 ने गुण, किलोमीटर मिळाले. सागरी मैल (एक म्हणजे साधारण 1.85 किलोमीटर) हवे असतील तर 2.08 ने गुण. हवेत प्रकाश थोडा वाकतो त्यामुळे क्षितिज जरा लांब जातं, ते यात धरलेलं आहे.

जेट्टीवर आजीचा डोळा पाण्यापासून 4 मीटर धरू, म्हणजे क्षितिज 7.7 किलोमीटरवर. तुझी गॅलरी 64 मीटर धरू, तर तुझं जवळपास 31 वर. उंची 16 पट आणि अंतर फक्त 4 पट. आता 20 किलोमीटरवर जहाज असेल तर तुझ्यासाठी ते क्षितिजाच्या अलीकडे आहे, अख्खं दिसणार, पण आजीसाठी त्याचा खालचा 10 मीटर भाग पाण्याच्या फुगवट्याआड गेलेला असतो, म्हणजे तीन मजली घर झाकलं जाईल एवढा. भरलेल्या जहाजाची बॉडी जवळपास सगळी त्यात जाते, वर राहतो तो ब्रिज, म्हणजे जहाज चालवायची उंचावरची खोली, आणि क्रेन. आजीला दुर्बीण दिलीस तरी बॉडी दिसणार नाही, दुर्बीण मोठं करून दाखवते, क्षितिज मागे सारत नाही.

आता बाबांचं. हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बोटीत उभं राहून डोळा सव्वादोन मीटरवर असेल तर क्षितिज 3.1 सागरी मैल. केबिनच्या टपावर चढून 4 मीटरवर गेले तर 4.2, पावणेदोन मीटर चढले आणि एक मैल वाढला. तेच पावणेदोन मीटर मोठ्या जहाजाच्या 25 मीटर उंच ब्रिजवर चढलं तर पाव-अर्धा मैल जेमतेम वाढतो. म्हणजे उंचीची खरी किंमत लहान बोटीला आहे, मोठ्या जहाजाला नाही, आणि आजोबांना हे कुठल्याही फॉर्म्युल्याशिवाय पक्कं माहीत होतं! 15 नॉटने, म्हणजे तासाला 15 सागरी मैल वेगाने समोरून येणारं जहाज 3.1 मैल साडेबारा मिनिटांत कापतं, आणि 4.2 मैलांना जवळपास 17 मिनिटं लागतात. जाळं पाण्यात असताना ही चार मिनिटं फार मोठी आहेत. जीपीएस सांगतं आपण कुठे आहोत, समोरून कोण येतंय हे ते सांगत नाही, त्यासाठी एक माणूस वर बघत असायलाच हवा.

रात्री लाईट हाऊसचं पण असंच, फक्त तिथे दोन उंच्यांची बेरीज होते, तुझ्या डोळ्याची आणि दिव्याची. मी जहाजावर कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी असताना रात्री मुंबईकडे येत होतो, ब्रिजवर डोळा 25 मीटरवर आणि दिवा 36 मीटरवर, म्हणजे 5 अधिक 6, गुणिले 2.08, साधारण 23 मैल. आधी क्षितिजावर नुसती उजेडाची झाक फिरताना दिसली, मग दिवा टिचकीसारखा लागला. सेकंड ऑफिसर म्हणाले खाली बस. गुडघे वाकवून बसलो, दिवा गेला, उभा राहिलो, आला. म्हणजे दिवा बरोब्बर क्षितिजावर आहे आणि आपण त्याच्यापासून 23 मैलांवर, रडारकडे न बघता समजलं. तो क्षण अजून डोळ्यांसमोर आहे. अर्थात दिव्यात तेवढा दम हवा आणि हवा स्वच्छ हवी, नाहीतर उंची असून उपयोग नाही. आणि चार्टवर, म्हणजे समुद्राच्या नकाशावर दिव्याची उंची सहसा मोठ्या भरतीच्या पाण्यापासून दिलेली असते, त्यामुळे ओहोटीला तो थोडा आणखी लांबून दिसतो, आपल्या मुंबईत भरती-ओहोटीचा फरक मोठा म्हणून हे लक्षात ठेवायचं.

आपली जागा काढायला सेक्स्टंटने, म्हणजे कोन मोजायच्या उपकरणाने, क्षितिजापासून सूर्याची उंची अंशांत मोजताना तर हे विसरून चालतच नाही. डोळा वर गेला की क्षितिज खाली झुकतं, 16 मीटरवर 7 मिनिटं, म्हणजे अंशाचा साठावा भाग असतो ना, तसे 7. ते वजा केले नाहीत तर जागा सरळ 7 सागरी मैलांनी चुकते.

हे सगळं तुला घरबसल्या बघता येईल. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये हवा स्वच्छ असेल अशी एखादी संध्याकाळ पकड, आजीला जेट्टीवर फोन घेऊन उभं कर आणि तू गॅलरीत थांब. सूर्य पूर्ण बुडाला की आजीने "गेला" म्हणायचं आणि तू तिथून सेकंद मोजायला लाग. तुझ्याकडे तो अजून पाऊण मिनिट तरी दिसत राहील.