बोललो तर लायसन्स जाईल का?

विमानवाहतुकीत काम करणाऱ्या वाचकांकडून आणि त्यांच्या घरच्यांकडून आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

प्रश्न : मी एका विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, आहे. घर पुण्यात, बेस मुंबई. गेले काही महिने झोप लागत नाही, सिम्युलेटर चेकच्या, म्हणजे नकली कॉकपिटमधल्या परीक्षेच्या, आधी छाती धडधडते आणि रोस्टर (ड्युटीचे वेळापत्रक) बदलल्याचा मेसेज आला की पोटात गोळा येतो. अहमदाबादच्या अपघातानंतर हे सगळे वाढले आहे. कंपनीने ‘पीअर सपोर्ट’चा, म्हणजे सहकाऱ्यांनीच सहकाऱ्यांना आधार देण्याच्या कार्यक्रमाचा, क्रमांक कळवला आहे, परंतु त्या यादीतील एका कॅप्टनबरोबर मी नेहमी उडतो. बोललो आणि ते मेडिकलपर्यंत, म्हणजे लायसन्ससाठीच्या वैद्यकीय तपासणीपर्यंत, पोहोचले, तर वडिलांनी घर तारण ठेवून काढलेल्या कर्जाचे काय? — एक वैमानिक, पुणे

उत्तर : तुमची भीती अवाजवी नाही आणि ती तुमच्या एकट्याचीही नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निनावी पाहणीत मानसिक आरोग्याच्या प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या १,८४८ वैमानिकांपैकी २३३ जणांमध्ये, म्हणजे १२.६ टक्क्यांमध्ये, नैराश्याची लक्षणे आढळली होती. नाव द्यायचे नव्हते म्हणूनच इतके जण मोकळेपणाने बोलले असावेत, असे मला वाटते. आपल्याकडे १२ जून २०२५ च्या अपघातानंतर चौथ्या दिवशी एअर इंडियाच्या ११२ वैमानिकांनी आजारपणाची रजा घेतल्याची माहिती नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी लोकसभेत दिली. त्यांत ५१ कॅप्टन आणि ६१ फर्स्ट ऑफिसर होते. प्रत्येकाच्या रजेचे कारण वेगळे असेल, पण या आकड्याकडे कामचुकारपणा म्हणून पाहणाऱ्यांशी मी सहमत नाही. ज्याचे मन थाऱ्यावर नाही त्याने त्या दिवशी कॉकपिटमध्ये न बसणे हे त्याचे कर्तव्यच आहे.

पीअर सपोर्ट ही कल्पना युरोपात नियमाच्या रूपात आली ती एका भीषण घटनेनंतर. २४ मार्च २०१५ रोजी बार्सिलोनाहून ड्युसेलडॉर्फला निघालेले जर्मनविंग्जचे विमान सहवैमानिकाने फ्रान्समधील आल्प्स पर्वतावर जाणूनबुजून आदळवले आणि १५० जणांचा जीव गेला. हा सहवैमानिक अनेक डॉक्टरांकडे जात होता, परंतु कंपनीला याची कल्पना नव्हती. फ्रेंच तपास यंत्रणेने आपल्या अहवालात केवळ त्या माणसाच्या आजाराची चर्चा केली नाही, तर उडण्याचा हक्क आणि त्याबरोबर उत्पन्न गमावण्याची भीती वैमानिकांना आजार लपवायला कशी भाग पाडते, हेही मांडले आणि सहकाऱ्यांनीच सहकाऱ्यांना आधार देणारे गट उभारण्याची शिफारस केली. फेब्रुवारी २०२१ पासून युरोपातील विमान कंपन्यांना असा कार्यक्रम वैमानिकांसाठी उपलब्ध करून देणे बंधनकारक आहे आणि तो शिक्षा करणारा असता कामा नये, असे त्या नियमातच म्हटले आहे. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, फेब्रुवारी २०२३ च्या परिपत्रकात विमान कंपन्या, उड्डाण प्रशिक्षण संस्था आणि विमानतळ प्राधिकरण यांना असे कार्यक्रम सुरू करण्याचा सल्ला दिला. सल्ला आणि सक्ती यांत अंतर असते, आणि म्हणूनच एका कंपनीतील कार्यक्रम कामाचा निघतो, तर दुसरीकडे तो नोटीस बोर्डावरील पोस्टरपुरता राहतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. चांगल्या कार्यक्रमात फोन उचलणारा सहकारी डॉक्टर नसतो, वरिष्ठ म्हणून बोलत नाही आणि तुमचे मूल्यमापनही करत नाही. सकाळी साडेतीनचा पिकअप, त्यानंतर चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणे, आणि मग झोप येत नाही म्हणून हॉटेलच्या छताकडे पाहत पडणे म्हणजे काय, हे त्याला समजावून सांगावे लागत नाही, एवढीच त्याची पात्रता आणि हेच त्याचे बळ. तो ऐकतो, घरचे, पैशाचे आणि कामाचे प्रश्न वेगवेगळे करायला मदत करतो आणि गरज असेल तर त्या कार्यक्रमाशी जोडलेल्या मानसोपचारतज्ज्ञापर्यंत तुम्हाला पोहोचवतो. कार्यक्रमाच्या प्रमुखाकडून व्यवस्थापनाला गेलीच तर किती जणांनी संपर्क साधला आणि साधारण कोणत्या विषयांवर, एवढीच निनावी माहिती जावी.

या गोपनीयतेला एक मर्यादा आहे आणि ती पहिल्याच फोनवर सांगितली गेली पाहिजे. तुमच्या किंवा इतरांच्या जिवाला गंभीर धोका असल्याचे दिसले, तर सहकारी ते स्वतःजवळ ठेवू शकत नाही. तेव्हाही आधी तुम्हालाच स्वतःहून ड्युटीवरून बाजूला होण्यास सांगितले जाते. ‘काहीही झाले तरी कोणालाही कळणार नाही,’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्या कार्यक्रमापेक्षा ही मर्यादा स्पष्टपणे सांगणाऱ्या कार्यक्रमावर मी अधिक विश्वास ठेवीन. यादीतील त्या कॅप्टनशी मात्र तुम्ही बोलू नका. दुसऱ्या बेसवरचा किंवा दुसऱ्या ताफ्यातला सहकारी मागण्यात गैर काही नाही. तशी सोय नसेल, तर तुमच्या वैमानिक संघटनेकडे स्वतंत्र व्यवस्था आहे का, याची चौकशी करा.

मेडिकलबाबत दोन गोष्टी. वैद्यकीय अर्जातील प्रश्नांना खोटी उत्तरे देऊ नका, कारण आजार बहुधा तात्पुरता असतो आणि खोटेपणा मात्र कागदावर कायमचा राहतो. तसेच केमिस्टकडून परस्पर झोपेच्या किंवा ‘टेन्शनच्या’ गोळ्या घेऊ नका. ताण, अपुरी झोप किंवा दुःख म्हणजे लगेच आजार नव्हे. वेळेवर बोलल्यास प्रश्न बऱ्याचदा समुपदेशनावर सुटतो. औषध सुरू करावे लागले, तर त्या काळात उडता येईल की नाही हे वैद्यकीय परीक्षक ठरवतो. काही काळ ‘टेम्पररी अनफिट’, म्हणजे तात्पुरते अपात्र, राहून पुन्हा कॉकपिटमध्ये परतता येते. कर्जाच्या चिंतेपोटी लायसन्स गमावण्याचा विमा काढला असेल, तर त्यात मानसिक आजार धरला आहे की वगळला आहे, हे आजच पॉलिसी उघडून वाचा. आणि मनात मरणाचे विचार येत असतील, तर पीअरची वाट पाहू नका. १४४१६ या ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर लगेच फोन करा. तिथे मराठीत बोलता येते.

प्रश्न : माझे पती विमान देखभाल अभियंता आहेत. रात्रपाळी करून घरी आले तरी झोपत नाहीत. ज्या विमानाच्या कागदावर सही केली, ते कुठे पोहोचले हे फोनवरच्या ॲपमध्ये पाहत राहतात. इंजिनच्या तेलाचे झाकण नीट लावले होते ना, हे विचारण्यासाठी त्यांनी परवा दोनदा सहकाऱ्याला उठवले. सगळे बरोबर निघते, पण दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. पीअर सपोर्ट फक्त वैमानिकांसाठी असतो का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कागदावर पाहिले तर बऱ्याच अंशी तसेच आहे आणि मला ते खटकते. डीजीसीएचे २०२३ चे परिपत्रक वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांच्याबद्दल आहे. सही करून विमान उडायला मोकळे करणारा अभियंता, रात्री सामान चढवणारे लोडर, प्रवाशांची शिवीगाळ हसून झेलणारा केबिन क्रू हे त्यात नाहीत. कंपनीला मात्र सर्वांसाठी योजना सुरू करण्यापासून कोणी अडवलेले नाही. तेव्हा यजमानांच्या शिफ्टमधील दोघाचौघांनी मिळून लेखी मागणी केल्यास तिचे वजन एकट्याच्या अर्जापेक्षा नक्कीच जास्त पडेल.

पण तुम्ही वर्णन केलेला त्रास केवळ गप्पांनी ओसरेल असे मला वाटत नाही. कामात दोनदा तपासणे ही चांगल्या अभियंत्याची सवय आहे. तपासूनही मन शांत न होणे आणि त्यासाठी झोप सोडणे हे चिंतेच्या किंवा मंत्रचळासारख्या (ओसीडी) आजाराचे लक्षण असू शकते आणि त्यावर चांगले उपचार आहेत. त्यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. वैमानिकांना लागणारे क्लास वन मेडिकल त्यांच्या लायसन्ससाठी लागत नाही, हे त्यांना सांगा, म्हणजे जाण्याची भीती थोडी कमी होईल. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार आरोग्यविम्यात मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखेच संरक्षण द्यावे लागते, हेही ध्यानात असू द्या. घरी तुम्ही ‘अहो, सगळे ठीक आहे’ असे दर तासाला सांगू नका, कारण अशी खात्री मागण्याची सवयही त्या चक्रालाच खतपाणी घालते. त्याऐवजी ॲप पाहण्याची एकच वेळ दोघांनी मिळून ठरवा आणि नंतर फोन बाहेरच्या खोलीत ठेवा. उपचार सुरू होईपर्यंत सलग रात्रपाळ्या टाळता आल्या तर पाहा. झोप सुधारल्याशिवाय यातले दुसरे काही फारसे सुधारणार नाही.

प्रश्न : मी हवाई वाहतूक नियंत्रक आहे. आमच्याकडे पीअर म्हणून नाव द्यायला सांगितले आहे. होकार द्यावा का? — एक नियंत्रक, नागपूर

उत्तर : तुमच्याकडे सहकारी आपणहून बोलायला येत असतील, तर द्या. शिफ्ट सुपरवायझर किंवा परीक्षक असाल, तर थांबा. ज्याच्या हाती आपली बढती किंवा रेटिंग आहे, त्याच्यापुढे कोणी मोकळे होत नाही. नियंत्रकाच्या कामात एखादा बाका प्रसंग घडून गेला, तरी हेडसेट दुसऱ्याच्या हाती देईपर्यंत पुढची विमाने येतच असतात आणि मग खुर्ची सोडल्यावर पाय लटपटू लागतात. त्या क्षणी पीअरने चूक कोणाची हे विचारू नये, प्रसंग पुन्हा सांगायला लावू नये. पाणी द्यावे, घरी कोण आहे हे विचारावे, गाडी स्वतः चालवू देऊ नये आणि दुसऱ्या दिवशी फोन करावा. चौकशी समितीशी तुमचा काही संबंध असता कामा नये.

नाव देण्यापूर्वी चार बाबी लेखी मागा : मानसोपचारतज्ज्ञाकडून प्रशिक्षण, नंतर त्याच्याशी नियमित बोलण्याची सोय, तुमच्या टिपणांवर व्यवस्थापनाचा हक्क नसल्याची हमी आणि तुम्ही स्वतः थकलात तर कारण न देता बाहेर पडण्याची मुभा. तिसरी बाब मान्य होत नसेल, तर नाव देऊ नका.